राखाडी प्रत

घातक कचऱ्याचं पिंप कारखान्याबाहेर पडतं
तेव्हा त्याच्यासोबत सात कागद निघतात, सात रंगांचे.
पांढरा आमच्या कार्यालयात, पिवळा कारखान्याकडे,
गुलाबी विल्हेवाट केंद्रात, नारिंगी ट्रकवाल्याच्या खिशात,
निळा फिरून कारखान्याला.
आणि हिरवा.
हिरव्याची मी वाट बघतो.
सासरी निघालेल्या मुलीला एस्टीच्या खिडकीशी आई सांगते ना,
पोचलीस की कळव गो,
तेवढंच काम त्या हिरव्याचं.
पांढऱ्याला हिरवा टाचायचा. शिक्का. पुढचा.
अकरा वर्षं झाली.

सातवा राखाडी. कचरा राज्याबाहेर गेला तरच लागतो.
आमच्याकडे गठ्ठ्याच्या तळाशी कोराच राहतो.

खालच्या कपाटातली दोन वर्षं पुरात गेली.
चिपळूणच्या भिंतीवर रेघ अजून आहे, माझ्या खांद्याच्या वर.
कागद दोरीवर वाळत घातले तेव्हा
गुलाबी पांढऱ्यात उतरला होता,
कोण निघालं, कोण पोचलं, वेगळं करता येईना.
तेव्हापासून मी आकडे दोनदा वाचतो.

म्हणून दिसलं.
पांढऱ्यावर पिंपं बावीस, हिरव्यावर एकोणीस.
पत्र पाठवलं. उत्तर आलं: लेखनिकाची चूक, क्षमस्व.
दुसरं पाठवलं. उत्तर: योग्य ती कार्यवाही सुरू आहे.
(आमचीच भाषा, आम्हालाच परत.)
तिसरं टाइप करत होतो तर तांडेल मॅडम
बर्फाचा डबा खांद्याला लावून दारात.
म्हणाल्या, चला, तुमचेच तीन आहेत ना?

खाडीवर ओहोटी होती.
मॅडमनी तीन बाटल्या भरल्या, लाख लावली,
आणि पंच शोधायला लागल्या.
जेटीवर पाच माणसं. एकाचा मुलगा बॉयलरवर,
एकाची सून पॅकिंगला, दोघांचे टेम्पो तिथेच लागलेले.
पाचवा म्हणाला, मला लिहिता येत नाही.
त्याच्या खिशाला पेन होतं.

पिंप मिळालं द्वारकाबाई पालशेतकरच्या पडवीत.
निळं, मधोमध कापलेलं, आत मिठात बांगडे.
"तीन आलेले हो अवसेच्या उधाणाला.
दोन गेले तसेच ओहोटीबरोबर, ह्या एक मी धरलान.
राखेनं घासला, तीनदा धुतला.
वास जात नाय, पण माशाच्या वासात कळत नाय."
तिच्या तळव्यांची साल गेली होती.
मॅडमनी ते तळवे बराच वेळ धरून ठेवले.
हे नोंदवायला माझ्याकडे रकाना नव्हता.

बांगडे वाळूत पुरले. पिंप गाडीत चढवलं.
तेव्हा ती म्हणाली, पावती?
सरकार काय नेतं तर पावती देतं.
आमच्याकडे सात रंग, पण तिच्यासाठी एकही नाही.
वहीचं पान फाडून लिहिलं: अर्धं पिंप, एक. बांगडे, अंदाजे दीडशे.
तिने घडी करून कनवटीला लावली. गाडी वळताना ओरडली,
पोचलं की कळवा हां!

मुंबईला तिमाही अहवाल जातो.
त्यात एक रकाना आहे, तफावत.
तिथे मी इतकी वर्षं निरंक लिहीत आलो.
या वेळी तीन लिहिलं.
साहेब म्हणाले, एक सापडलं ना? मग दोन करा.
दोन केलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
गठ्ठ्याखालून राखाडी ओढून घेतला.
पाठवणारा: लिहिलं. वाहतूकदार: ओहोटी.
हे लिहिताना हसू आलं, मग नाही आलं.
स्वीकारणाऱ्याचं नाव, पत्ता, राज्य—
राज्यापाशी पेन थांबलं.

कागद अजून काचेखाली आहे.
तांडेल मॅडमनी परवा वाचला,
काही बोलल्या नाहीत,
डबा उघडला आणि
पुढच्या खाडीसाठी बाटल्या मोजायला लागल्या.